मुळशीच्या घाटात ओझे आवरण्याची परंपरा

पौड, मुठा आणि मोसे या खोऱ्यांतल्या मुळशीतून कोकणात ओझे उतरवायचे ते फार काळ बैलाच्या पाठीवरून. तैलबैल्याजवळच्या सवाष्णी आणि वाघजाई या घाटवाटा पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात. तिथे चाकाला वाव नाही. पाठीवरचे ओझे बैलाच्या पावलांबरोबर थांबते. चाकावर आलेले ओझे मात्र उतारावर ओढणाऱ्यालाच ढकलू लागते, आणि घाटातल्या वाहतुकीची पुढची सगळी कथा या ढकलण्याला आवर घालण्याची आहे.

बैलगाडी जिथे पोचली, तिथे हे ज्ञान गाडीवानांनी हातात मुरवले. भार मागे गेला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचा ताबा सुटतो. भार फार पुढे आला की ती धुरजड होऊन बैलांच्या माना दबतात. म्हणून पोती आखाच्या किंचित पुढे रचायची. उतारावर चाकाच्या लोखंडी धावेवर लाकडाचा ठोकळा आवळायचा किंवा मागे ओंडका बांधून फरफटवायचा. शिक्षण न लाभलेल्या माणसांनी शोधलेले हे भौतिकशास्त्र आजच्या एका आसाच्या ट्रेलरलाही जसेच्या तसे लागू पडते. त्याच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग हुकावर असावा लागतो. कमी पडला तर वेगात ट्रेलर डावीउजवीकडे झोके घेऊ लागतो आणि पुढची गाडीही भरकटते.

शेजारच्या बोरघाटात 1830 साली गाडीरस्ता खुला झाला आणि 1863 मध्ये रेल्वे. रुळांचा चढ 37 फुटांना 1 फूट. वर चढण्यासाठी इंजिने जोडता आली, पण उतरणाऱ्या गाडीची धास्ती मोठी होती. त्यासाठी चढत्या दिशेने जाणारे आडरूळ बांधले गेले: ब्रेक निकामी झालेली गाडी तिकडे वळावी आणि चढावर थांबावी. ही व्यवस्था ताकदीवर नव्हे, ताब्यावर विश्वास ठेवणारी होती.

बोरघाटातून पुन्हा मुळशीकडे: इथे टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तरी धरण झालेच. भाताची खाचरे आणि गावे पाण्याखाली गेली. आज पौडहून ताम्हिणीकडे जाणारा रस्ता या जलाशयाच्या काठाने जातो आणि पुढे घाट उतरून माणगावला पोचतो. पावसाळ्यात इथे धुके आणि ओली वळणे नेहमीची.

या रस्त्यावर आधी ट्रॅक्टर-ट्रॉली आली, मग पिकअप. पिकअप घडवण्यात पुण्याचा वाटा मोठा: टाटांची टाटामोबाइल 1988 मध्ये आली. पिकअपवाल्याचा माल बहुधा हौद्यातच असतो; मागे जोडले जाते ते जनरेटर, कॉम्प्रेसर किंवा पाण्याची टाकी. जुन्या डिझेल इंजिनात जास्त ताकदीसाठी पंपाचा स्क्रू फिरवून इंधन वाढवत, त्याबरोबर काळा धूरही वाढे. कॉमन रेल ही संगणकनियंत्रित इंधनप्रणाली आल्यावर हेच काम तिची आज्ञावली बदलून, म्हणजे रिमॅप करून, होऊ लागले. चढ सहज सर होतो, म्हणून मालक आणखी भार जोडतो. पण ब्रेक, टायर, क्लच आणि हूक जुनेच राहतात. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते आणि ती बहुतेक ब्रेकमध्येच उष्णता बनते. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी हवा अडवणारी झडप सहसा नसल्याने त्याचा स्वतःचा रोधही मर्यादित असतो.

वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय ही 1966 मध्ये स्थापन झालेली संस्था पुण्यात, पौड रस्त्यालगतच्या वेताळ टेकडीवर आहे. उत्पादकाने ठरवलेली भारमर्यादा इंजिनाइतकीच ब्रेक आणि चौकट पाहून ठरते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 ने मूळ वैशिष्ट्यांपासून दूर नेणाऱ्या बदलांवर निर्बंध घातले आहेत. ताम्हिणी उतरताना ज्या गिअरने चढ चढला असता, तोच उताराच्या आधी टाकावा, गाडी कधीही न्यूट्रलवर सोडू नये, ब्रेक सतत दाबून न ठेवता थोड्या थोड्या वेळाने ठामपणे लावून सोडावा, हुकाला सुरक्षासाखळ्या फुलीसारख्या जोडाव्यात आणि जड ट्रेलरला त्याचे स्वतःचे ब्रेक असावेत.