कासरा कोणाच्या हाती?

आमच्या महाविद्यालयात मध्यंतरी एक पाहणी झाली. विद्यार्थ्यांना छापील प्रश्नावली देण्यात आली. आठवड्यातून किती दिवस तुम्ही वाहन चालवता? चालवत नसल्यास का? या दुसऱ्या प्रश्नापुढे चार उत्तरे तयारच होती : प्रकृतीसाठी, पेट्रोलची बचत म्हणून, पर्यावरणासाठी, अपघाताच्या भीतीने. यांपैकी एकावर खूण करायची. दर्यापूरकडच्या एका खेड्यातून येणारी विद्यार्थिनी कोरा कागद घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. म्हणाली, "सर, कशावर खूण करू? आमच्या घरी गाडीच नाही."

प्रश्नावली करणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हते. त्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती एवढेच. वाहन हे असतेच. ते न चालवणे हा माणसाच्या आवडीचा भाग असतो. हे गृहीतक ज्यांना सहज सुचते त्यांचा इतिहास एक आणि त्या मुलीचा इतिहास दुसरा. हा दुसरा इतिहास आपल्या अभ्यासक्रमात नाही. म्हणून तो आपणच मांडला पाहिजे.

वाहनाच्या संदर्भात आपल्या समाजव्यवस्थेने दोन गोष्टी कायम वेगळ्या ठेवल्या. वाहनात बसणे ही एक आणि वाहन हाकणे ही दुसरी. बसणे हा मान, हाकणे हे काम. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात घोडे आणि रथ सांभाळण्याचे काम सूतांना नेमून दिले आहे. महाभारतात कर्णाला आयुष्यभर हिणवले गेले ते सूतपुत्र म्हणूनच. रथ ज्याच्या हाताने चालतो तो हलका आणि जो नुसता बसतो तो रथी! श्रमाची अप्रतिष्ठा हा या संस्कृतीचा पायाच असल्यामुळे याचे नवल वाटायला नको. परंतु अस्पृश्यांच्या वाट्याला यापेक्षाही खालची जागा आली. त्याने ना बसायचे, ना हाकायचे. त्याने गाडीपुढे वाट दाखवीत चालायचे, नाहीतर डोक्यावर ओझे घेऊन मागून चालायचे. वेठीचा इतिहास हा पायांचा इतिहास आहे.

वऱ्हाडात याला थोडा वेगळा रंग आला, तो कापसाने. माझे आजोबा अकोला जिल्ह्यात एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार होते. हंगामात कापसाची बंडी मूर्तिजापूरच्या जिनाकडे तेच न्यायचे. रात्रीच जुंपायचे, आकाला वंगण द्यायचे, बंडीखाली कंदील टांगायचा आणि उजाडायच्या आत जिनाच्या फाटकाशी नंबर लावायचा. बैलांची नस ओळखणारा असा धुरकरी पंचक्रोशीत नव्हता, असे लोक सांगतात. पण त्याच धन्याच्या घरची माणसे बसायची ती दमणी मात्र कधी त्यांच्या हाती दिली गेली नाही. कापसाला विटाळ होत नाही, माणसाला होतो.

आजी बाळंतपणात अडली तेव्हा आजोबांनी बंडी मागितली. बैल थकले आहेत, असे उत्तर मिळाले. चार माणसांनी बाज खांद्यावर घेतली आणि आजीला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. आजी वाचली, मूल गेले. ज्या हातांनी उभी हयात दुसऱ्याची बंडी हाकली त्या हातांना स्वतःच्या बायकोसाठी एक रात्र कासरा मिळाला नाही. ही गोष्ट आमच्या घरात कोणी रडून सांगत नाही. पावसाची गोष्ट सांगावी तशी सांगतात. मला त्याचीच अधिक भीती वाटते.

कापसामुळेच या भागात रेल्वे आली. भुसावळहून अकोला, बडनेरामार्गे जाणारी जी.आय.पी. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. पुढे मूर्तिजापूरहून एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळ अशी नॅरोगेजची लाइन पडली. तिला आपण शकुंतला म्हणून ओळखतो. या आगगाड्या कापसासाठी होत्या, आपल्यासाठी नव्हत्या. तरीही त्यांनी नकळत एक काम केले. तिकिटाच्या खिडकीवर पैसे मोजले की तिकीट मिळे. एका डब्यात, एका बाकावर कोण कोणाला खेटून बसले हे ठरवणे इंजिनाला शक्य नव्हते. जातीचे नियम त्या डब्यात पार मोडले असे नव्हे, पण ते पाळणे अवघड झाले.

मात्र रेल्वे स्टेशनापर्यंतच जाते. स्टेशनाबाहेर पाऊल टाकले की गाव सुरू होते. बाबासाहेबांच्या आयुष्यातले दोन प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचले पाहिजेत. दोन्ही स्टेशनाच्या दाराशी घडले आहेत आणि दोन्हींमध्ये 'वाहन न चालवणे' हाच मुद्दा आहे.

पहिला प्रसंग १९०१ चा. बाबासाहेब तेव्हा नऊ वर्षांचे. सातारा जिल्ह्यात गोरेगावला नोकरीवर असलेल्या वडिलांना भेटायला ते, थोरले भाऊ आणि बहिणीची मुले निघाली. मसूर स्टेशनवर उतरली. कपडे नीटनेटके असल्यामुळे स्टेशनमास्तरांना आधी कळले नाही. जात कळताच त्यांचा चेहरा पालटला. बैलगाड्या पुष्कळ उभ्या होत्या. पण दुप्पट भाडे देतो म्हटले तरी गाडीवान तयार होईनात. शेवटी तोड निघाली. गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे. पैसे घ्यायला विटाळ नाही, बैल द्यायला विटाळ नाही. हाकायला मात्र विटाळ! अशा रीतीने त्या लेकरांच्या हाती कासरा आला तो बहिष्कार म्हणून.

दुसरा प्रसंग १९२९ चा. मधल्या काळात महाडचा सत्याग्रह झाला होता. १९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीला अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर परिषद भरली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. परदेशात शिकून आलेले बॅरिस्टर, सरकारी समितीचे सभासद असे बाबासाहेब आपल्या वऱ्हाडच्याच लोहमार्गावरच्या चाळीसगाव स्टेशनवर उतरले. तेथील महार बांधवांनी त्यांना वस्तीत येण्याचा आग्रह केला. वस्ती चालत जाण्याच्या अंतरावर होती. तरीही त्यांना बराच वेळ थांबवून ठेवण्यात आले. मग टांगा आला. वाटेत नदीवरच्या फरशीपुलावर तो उलटला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. कारण मागाहून कळले. एकही टांगेवाला अस्पृश्यासाठी टांगा हाकायला तयार नव्हता. लोकांनी नुसता टांगा भाड्याने घेतला आणि ज्याने कधी टांगा हाकला नव्हता असा आपल्यातलाच एकजण पुढे बसला.

या प्रसंगाकडे टांगेवाल्याच्या उद्दामपणाचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. ते बरोबरच आहे. परंतु त्यात दुसरीही एक गोष्ट आहे. ती माणसे बाबासाहेबांना पायी नेऊ शकत होती. त्यांनी तसे केले नाही. आपला पाहुणा, आपला नेता पायी गेला तर तो कोणाचा अपमान? त्यांच्या लेखी तो साऱ्या वस्तीचा अपमान होता. पायी चालणे ही ज्यांची शिक्षा होती, त्यांना पाहुण्याला वाहन देणे हाच सन्मान वाटला. त्या सन्मानापायी त्यांनी त्याचा जीव धोक्यात घातला. बाबासाहेबांनी हे सारे स्वतः लिहून ठेवले आहे. लिहिताना त्यांचा रोख त्या अडाणी हाकणाऱ्यावर नाही. टांगेवाल्याला बॅरिस्टरपेक्षा श्रेष्ठ ठरवणाऱ्या व्यवस्थेवर आहे.

म्हणजे 'काही लोक वाहन का चालवत नाहीत' या प्रश्नाला एक पाचवे उत्तर होते : मागे बसणारा अस्पृश्य आहे म्हणून. आमच्या छापील प्रश्नावलीत त्याला जागा नव्हती.

सायकल आणि पुढे मोटारसायकल यांनी हाकणारा आणि बसणारा एक केला. ही साधी यांत्रिक गोष्ट नव्हे. गाडीवानाची गरज संपली, म्हणजे त्याचा नकारही संपला. माझ्या वडिलांनी जुनी सायकल घेतली तेव्हा वस्तीत साखर वाटली होती. ते बिगाऱ्याचे काम करायला रोज मूर्तिजापूरला जात. पण गावातून जाताना मोठ्या वाड्यापुढे ते खाली उतरत, सायकल हातात धरून चालत आणि वळण आले की पुन्हा बसत. तेथे कसली पाटी नव्हती. कोणी हुकूमही दिलेला नव्हता. एकदा मी दांडीवर बसलो होतो तेव्हा विचारले, "बाबा, उतरता कायले?" ते म्हणाले, "चढ आहे." तेथे चढ नव्हता.

कोणाला ही अतिशयोक्ती वाटेल. त्यांनी कायदा पाहावा. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यापासून रोखणे, वरातीत घोड्यावर वा वाहनावर बसू न देणे, हे गुन्हे म्हणून तीत स्पष्ट लिहावे लागले. प्रजासत्ताकाला ६६ वर्षे झाल्यावर संसदेला 'सायकल' हा शब्द का लिहावा लागला? कायदे कल्पनेतून जन्मत नाहीत.

आणि मोजदाद? २०११ च्या जनगणनेत माणसे कामावर कशाने जातात याचे कोष्टक आहे. त्यानुसार पाचांतला एकाहून अधिक माणूस पायी जातो. मोटार वापरणारे शंभरात तीनही नाहीत. परंतु हे कोष्टक 'इतर कामगारां'पुरतेच आहे. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले लोक त्यातून वगळलेले आहेत. म्हणजे दिवाळीनंतर पहाटे कापूस वेचायला निघालेल्या, सांजेला ओटीतला कापूस मोजून देऊन अंधारात परतणाऱ्या आमच्या बायांचे चालणे या देशाच्या कोष्टकात चालणेच नाही. आपण चाललो ते मोजले गेले नाही. आता इतरांनी हौसेने चालायला सुरुवात केली तर त्याची पाहणी होते.

म्हणून वाहन नाकारणे निरर्थक आहे, असे मला म्हणायचे आहे का? नाही. इतिहासाने याचेही उत्तर दिले आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहरात काळ्या माणसाला बसमध्ये मागे बसावे लागे. गोऱ्यासाठी उठावे लागे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स उठल्या नाहीत. त्यांना अटक झाली. ५ डिसेंबरपासून काळ्यांनी बसवर बहिष्कार घातला. ३८१ दिवस त्या शहरातल्या मोलकरणी, मजूर, म्हातारी माणसे मैलोन्‌मैल पायी चालली. २० डिसेंबर १९५६ रोजी लढा जिंकूनच बहिष्कार उठला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला आपण नागपूरला धम्मदीक्षा घेतली होती. आणि त्याच २० डिसेंबरला आपल्या अमरावती जिल्ह्यात, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी गाडगेबाबांनी देह ठेवला. परटाच्या घरात जन्मलेला, हातात खराटा घेऊन गावोगाव पायी हिंडलेला हा माणूस. या तारखांचा मेळ योगायोगाचाच आहे, पण तो मला विसरता येत नाही. पाय तेच असतात. लादले म्हणून चालणे ही वेठ आणि ठरवून चालणे हा नकार. दोहोंमधले अंतर मैलांत मोजता येत नाही.

मी स्वतः आठवड्यातून तीन-चार दिवस महाविद्यालयात पायी जातो. दारात मोटारसायकल आहे. हप्ते फिटले आहेत. सहकारी कौतुक करतात. प्रकृती सांभाळता, पर्यावरणाचा विचार करता, म्हणतात. आई मात्र रागावते. "तुह्या बापाची सारी जिनगानी पायी पायी गेली. अन् तू दारात गाडी ठेवून पायी जातं? लोक काय म्हनतीन?" पूर्वी मला हा आईचा भाबडेपणा वाटे. चाळीसगावचा प्रसंग नीट वाचल्यावर तसे वाटेनासे झाले. टांगा शोधत तासभर ताटकळलेली ती माणसे आणि माझी आई एकच बोलत आहेत. ज्याच्या दाराशी वाहन उभे आहे त्याचेच पायी चालणे लोक 'निवड' म्हणून पाहतात. माझ्या पायी चालण्याला जी प्रतिष्ठा आहे ती त्या उभ्या मोटारसायकलची आहे. ती मुलगी याच रस्त्याने चालते तेव्हा तिला कोणी पर्यावरणवादी म्हणत नाही.

२०२१ च्या ऑक्टोबरात एस.टी.चा संप सुरू झाला. तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. त्या महिन्यांतले माझे हजेरीपत्रक मी जपून ठेवले आहे. शहरातली नावे भरलेली आहेत. खेड्यातल्या मुलींच्या नावांपुढे रिकाम्या चौकटी आहेत. संपकऱ्यांच्या मागण्यांना माझा पाठिंबा होता, आजही तो चुकीचा वाटत नाही. पण त्या चौकटींनी मला शिकवले की आपल्या लेकींच्या शिक्षणाचा कासरा अजून एका लाल गाडीच्या हाती आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.चे अर्धे तिकीट झाले, तेव्हा त्यांची गर्दी वाढली. ज्यांना हवाच नव्हता अशा प्रवासाची गर्दी अशी एकाएकी होत नाही. इतके दिवस बाया हौसेने घरी बसल्या नव्हत्या.

तेव्हा पायी चालण्याचा उपदेश करणाऱ्या मंडळींना माझे सांगणे आहे. उपदेश जरूर करा. आधी आमच्या वस्तीपर्यंत रस्ता आणि त्या रस्त्याने वेळेवर येणारी बस आणा. मग आमचा माणूसही एखाद्या सकाळी म्हणेल, आज हवा छान आहे, पायीच जातो. त्या दिवशी तो खऱ्या अर्थाने निवड करील. आणि आपल्या कार्यकर्त्यांना एवढेच सांगायचे की दारातल्या गाडीला शेवटचे ठिकाण समजू नका. आपण चारचाकी घ्यावी आणि मागची वस्ती पायीच राहावी, याला पुढे जाणे म्हणत नाहीत.

त्या मुलीच्या कागदावर आम्ही दोघांनी मिळून पाचवी ओळ हाताने लिहिली : 'वाहन नाही, बसची वेळ सोयीची नाही, वस्ती ते फाटा तीन किलोमीटर.' त्यावर तिने खूण केली. पुढच्या तासाला आणखी अकरा मुले आपापले कागद परत मागायला आली.