गर्भनिवारणाचे योग आणि सूचींतून गळलेलीं पानें

वैद्यकाचीं जुनीं बाडें चाळणारास एक अनुभव वारंवार येतो. पुत्रप्राप्तीचे योग, गर्भरक्षणाचे योग, सुखप्रसवाचीं यंत्रें हीं ठळक अक्षरांत असतात; आणि शेजारीं समासांत, बारीक अक्षरानें, गर्भ न राहण्याचा एखादा योग टिपलेला असतो. सूची करणारे आम्ही लोक पहिल्या तिहींची नोंद करितों व चवथा सोडून देतों. आम्हीं स्वतः अनेक वर्षें असेंच केलें. एका स्नेह्यांकडील बाडांत तर त्या जागेवर कोरा कागद डकविलेला पाहिला, तेव्हां या वगळण्याचा विचार प्रथम मनांत आला.

असे योग गणिकांकरितां असत, असें उत्तर सहसा मिळतें. तें आम्हांस पटत नाहीं. बृहदारण्यकाच्या सहाव्या अध्यायांतील चवथ्या ब्राह्मणांत संतति हवी असणाऱ्या गृहस्थास विधि सांगितला आहे, तसाच गर्भ राहूं नये अशी इच्छा असणारासही सांगितला आहे. सोळाव्या शतकांतील भावमिश्र हा पिंपळी, वावडिंग व टांकणखार यांचें समभाग चूर्ण ऋतुकालीं दुधांतून घ्यावें असें लिहितो. कल्याणमल्लाच्या अनंगरंगांतही असे योग आहेत. (टांकणखार पोटांत घेणें निर्धोक नव्हे, जिज्ञासूंनीं प्रयोग करूं नये.)

कालगणनेचा मार्ग अधिक विचारणीय आहे. मनूनें ऋतुकाल १६ रात्रींचा मानिला. सुश्रुतानें ऋतु संपतां योनि सायंकाळच्या कमळाप्रमाणें मिटते असें म्हटलें. म्हणजे पुढील रात्री निर्भय, असा अर्थ गृहस्थानें काढणें स्वाभाविक होतें. जपानांत ओगिनो व ऑस्ट्रियांत क्नाउस यांनीं १९२० नंतरच्या दशकांत स्वतंत्रपणें दाखविलें कीं, स्त्रीबीज पुढील रजोदर्शनापूर्वीं सुमारें १४ दिवस सुटतें. २८ दिवसांच्या चक्रांत हा दिवस १६ रात्रींच्या आंतच पडतो. तेव्हां जुनी मर्यादा अगदींच निराधार नव्हती. परंतु चक्र लांबलें कीं गणित फसतें, आणि सतराव्या रात्रीवर विसंबणारें जोडपें तर हमखास फसण्याच्या वाटेवर असतें.

इच्छा आहे, साधन नाहीं, अशी ही स्थिति. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें तें तिच्याचसाठीं. त्यांस गणिताच्या प्राध्यापकीस मुकावें लागलें. जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत चालविलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकापायीं खटलेही सोसावे लागले. १९३८ सालीं मुंबई विधिमंडळांत स्वतंत्र मजूर पक्षाचे रोहम यांनीं संततिनियमनाचा ठराव मांडला, तो नापास झाला. सरकारी योजना आली ती १९५२ सालीं.

आज लोकसंख्याशास्त्रज्ञ जिला ‘अपूर्ण गरज’ म्हणतात, ती हीच: मूल नको, किंवा इतक्यांत नको, आणि तरीही कोणतेंच साधन वापरांत नाहीं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांत तिचें प्रमाण शेंकडा ९.४ आढळलें; त्यापूर्वींच्या, २०१५–१६ च्या पाहणींत तें १२.९ होतें. त्याच नव्या पाहणींत याच वयाच्या विवाहित स्त्रियांत साधन म्हणून स्त्रीची शस्त्रक्रिया शेंकडा ३७.९, पुरुषाची अवघी ०.३. भावमिश्राचें चूर्णही प्यावयाचें तें स्त्रीनेंच.

असो. आमच्या स्नेह्यांनीं तो डकविलेला कागद मध्यंतरीं ओलावून सोडविला. बाडांतील इतर कित्येक योगांपुढें ‘अनुभूत’ असा शेरा आहे. खालीं निघालेल्या अडीच ओळींपुढें, निराळ्या शाईनें व निराळ्या हातानें, गुण आला नाहीं एवढेंच लिहिलेलें आहे. ज्यांच्या संग्रहीं अशीं पानें असतील त्यांनीं योगाबरोबर समासांतील शेरा, शाई व हस्ताक्षर यांचीही नोंद कृपा करून आम्हांस कळवावी.