ठिणगीची वेळ
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

धुळे किंवा जळगावच्या जुन्या गॅरेजवरून जाताना एक शब्द आपल्या कानावर नक्की पडला असेल : डेल्को. ‘डेल्को उघड’, ‘डेल्को जरा फिरवून बघ’. पेट्रोल गाडीच्या प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने वीज वाटणारी ती काळ्या टोपीची डबी. पुस्तकात तिला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. पण आमच्या मिस्त्रींनी त्या शब्दाला कधी दारात उभे केले नाही. त्यांनी उचलले ते एका कारखान्याचे नाव. अमेरिकेत ओहायो राज्यातील डेटन या गावी चार्ल्स केटरिंग यांनी १९०९ साली ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ काढली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा झाला डेल्को. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत या कंपनीचा सेल्फ स्टार्टर आणि बॅटरीवरची ठिणगी आली, आणि हँडल मारून हात मोडून घेण्याचे दिवस सरू लागले. ते नाव ओहायोतून खानदेशात येऊन बोलीत असे मिसळले, की ते परके आहे असे कोणाला वाटतच नाही.

ठिणगी वाटणे हे डेल्कोचे काम खरे, पण सगळी मेख ती कधी द्यायची यात आहे. पिस्टन वर येतो, पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबतो, आणि मग ते पेटते. ते एका क्षणात जळून जात नाही, सेकंदाचा पाचशेवा भाग तरी घेते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर तेवढ्या वेळात त्याचा दांडा ३६ अंश फिरून जातो. म्हणून पिस्टन माथ्यावर पोचण्याआधीच ठिणगी द्यावी लागते. उशीर झाला तर गाडी मरगळते, तापते. फार लवकर दिली तर उरलेले मिश्रण ज्योत पोचण्याआधी आपणच भडकते. त्या खडखडाटाला मिस्त्री ‘नॉकिंग’ म्हणतात. तो चालू राहिला तर पिस्टनला भोक पडते. मी मात्रा मोजणारा माणूस, एका मात्रेने शेर पडतो हे मला ठाऊक आहे. पण इथला हिशेब त्याहून बारीक.

१९०८ साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये ही वेळ चालकच ठरवी, त्यासाठी स्टिअरिंगपाशी एक दांडी असे. पुढे हे काम डेल्कोच्या पोटातील वजने, स्प्रिंगा आणि इंजिनाच्या ओढीवर हलणारा एक पडदा यांच्याकडे गेले. मूळ वेळ लावणे मात्र मिस्त्रीच्याच हातात राहिले.

आणि इथे खानदेशचा उन्हाळा येतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांपलीकडे जातो. इंजिन तापलेली हवा ओढते आणि नॉकिंगला निमित्त मिळते. वर गाडी भरलेली आणि समोर चाळीसगावचा कन्नड घाट! आमच्या मोहल्ल्यातले उस्ताद अशा दिवसांत पट्टीचा बोल्ट सैल करून डेल्को केसभर मागे घेत आणि बॉनेटवर कान ठेवून म्हणत, ‘अब ठीक बोल रही है.’ कारखान्याच्या पुस्तकातला आकडा त्यांना माहीत असे. पण पुस्तकाला मे महिना माहीत नव्हता.

पुस्तकाला आणखी एक गोष्ट माहीत नव्हती : भेसळ. पेट्रोलात रॉकेल मिसळले की त्याची नॉकिंग सोसण्याची ताकद घटते. रॉकेल स्वस्त, पेट्रोल महाग, त्यामुळे हा धंदा फोफावला. त्याला अटकाव करू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला जिवंत जाळण्यात आले. गॅरेजमध्ये ऐकू येणाऱ्या खडखडाटाची दुसरी बाजू इतकी भयंकर होती.

आता टर्बोकडे वळतो. आपल्याकडे टर्बो म्हटला की डिझेलचा ट्रक आठवतो, आणि डिझेलला ठिणगी लागतच नाही. पेट्रोल इंजिनात मात्र टर्बो म्हणजे विस्तवाशी खेळ. धुराच्या जोरावर फिरणारा पंखा हवा कोंबतो. कोंबलेली हवा तापते. नॉकिंग दाराशीच बसलेले असते. १९६२ च्या ओल्डस्मोबाइल ‘जेटफायर’मध्ये ते रोखण्यासाठी पाणी आणि मिथाइल अल्कोहोलचे मिश्रण इंजिनात सोडत. टाकी रिकामी झाली की ताकद गेली. १९७८ साली ब्यूकने टर्बो गाडीच्या इंजिनावर नॉकिंग ऐकणारा सेन्सर बसवला. खडखड झाली की ठिणगी आपोआप मागे सरके. उस्तादांचा कानच तो, लोखंडाला चिकटवलेला! पुढच्याच वर्षी बॉशने ठिणगी आणि इंधन या दोन्हींचा हिशेब एका संगणकाकडे दिला.

जुन्या टर्बो गाड्यांच्या हौशी मालकांसाठी पुढे बाहेरून बसवण्याच्या पेट्या निघाल्या. मेगाजोल्ट ही त्यातली एक; २००१ मध्ये आलेली मेगास्क्वर्ट आधी फक्त इंधन सांभाळी, मग ठिणगीही सांभाळू लागली. लॅपटॉपवर चौकटींचा तक्ता असतो : एका बाजूला फेरे, दुसऱ्या बाजूला हवेचा दाब. प्रत्येक चौकटीत किती अंश आधी ठिणगी द्यायची तो आकडा मालकाने भरायचा. दाब वाढेल तसा आकडा उतरता. आत येणाऱ्या हवेच्या उष्णतेसाठी मेगास्क्वर्टमध्ये वेगळी दुरुस्ती भरता येते. ती मला फार महत्त्वाची वाटते. थंड देशातल्या कुणाचा तक्ता जसाच्या तसा उतरवून जळगावात मे महिन्यात गाडी दामटली, तर पिस्टनची खैर नाही.

उस्ताद केसभर मागे घेत ते हेच. पण त्यांनी ते कागदावर उतरवले नाही, आणि कोणी विचारलेही नाही. १८८० च्या खानदेश गॅझेटियरात इथली पिके, रस्ते, कारागिरांचे धंदे यांची नोंद आहे. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या धुळ्याच्या मिस्त्रींचे ज्ञान मात्र कोणत्या गॅझेटियरात शोधायचे? नव्या गाड्यांत डेल्को नाही, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते. पोरे कान लावत नाहीत, स्कॅनर लावतात; त्यात त्यांचे काही चुकत नाही. मात्र तक्त्याची ती उष्णतेची दुरुस्ती खानदेशासाठी भरायची असेल, तर भरल्या गाडीने भर उन्हात कन्नडचा घाट चढावा लागेल, आणि शेजारच्या सीटवर एखादा जुना मिस्त्री बसवावा लागेल.