टाकी, तारा आणि दोन वॉरिंग्टन

मुंबईत घरी मासे पाळणाऱ्या आणि हातात सोल्डरिंग आयर्न आलेल्या पोराला दोन बाजार पाठ असतात. एक क्रॉफर्ड मार्केटातला पाळीव प्राण्यांचा भाग, दुसरा ग्रँट रोड स्टेशनाजवळचा लॅमिंग्टन रोड. पुण्यातल्या पोराची दुसरी खेप बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत पडते. एकीकडून पाण्याने फुगलेल्या पिशवीत मासे येतात, दुसरीकडून रिले, सेन्सर आणि चिमटीत मावतील असे रेझिस्टर. घरातल्यांना हे दोन वेगळे नाद वाटतात. पण मत्स्यालयाचा इतिहास पाहिला तर तो पहिल्यापासून अशाच खटपट्या लोकांच्या हातचा आहे.

झान विलप्रो-पॉवर ही त्यातली पहिली मोठी खटपटी बाई. फ्रान्समधल्या जुइयाक गावची ही मुलगी पॅरिसमध्ये कपडे शिवायची; 1816 मध्ये एका राजघराण्यातल्या लग्नाच्या पोशाखावरचे काम तिच्या हातचे. पुढे लग्न होऊन ती सिसिलीतल्या मेसिना इथे गेली आणि समुद्रातल्या जीवांच्या मागे लागली. आर्गोनॉट नावाचा ऑक्टोपसाच्या कुळातला प्राणी आपला नाजूक शिंपला स्वतः बनवतो की दुसऱ्याचा पळवतो, यावर तेव्हा विद्वानांत वाद होता. मेलेले नमुने कापून तो सुटण्यासारखा नव्हता. 1832 च्या सुमारास तिने काचेच्या टाक्या करवून घेतल्या, जिवंत आर्गोनॉट त्यांत ठेवले आणि शिंपला त्यांचाच, हे दाखवून दिले. प्रश्न आधी आणि टाकी नंतर, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

टाकी घरात आणली ती लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टनने. औषधविक्रेत्यांच्या संस्थेत, अपॉथेकरीज हॉलमध्ये, तो रसायनतज्ज्ञ होता. त्याने बारा गॅलनच्या टाकीत दोन छोटे गोल्डफिश आणि फितीसारख्या पानांची व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे कार्बन डायऑक्साइड सोडतील, हिशेब जुळेल, असा त्याचा अंदाज होता. हिशेब जुळेना. कुजलेल्या पानांचा बुळबुळीत थर साचून पाणी गढूळ होऊ लागले. मग त्याने तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजके खाल्ले, त्यांची अंडी माशांनी खाल्ली आणि पाणी निवळले. 1850 मध्ये त्याने हे सगळे केमिकल सोसायटीपुढे मांडले. बारा ब्रिटिश गॅलन म्हणजे साधारण 54 लिटर. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी आजही नवशिक्याला घ्यायला सांगतात, तिच्यातही जवळपास तेवढेच पाणी मावते.

वॉरिंग्टनचे उत्तर मात्र अर्धेच होते. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो थोडा साचला तरी मासे मरतात, आणि त्यावर गोगलगायींचा इलाज चालत नाही. या कोड्याचा मोठा भाग उलगडला तो वॉरिंग्टनच्या मुलाने. त्याचेही नाव रॉबर्टच. तो रॉथमस्टेडच्या शेती प्रयोगकेंद्रात मातीवर काम करत होता आणि टाकीशी त्याला काही देणेघेणे नव्हते. 1878 पासून पुढची काही वर्षे खपून त्याने दाखवले की अमोनियाचे नायट्रेट एका दमात होत नाही: एका जातीचे जीव अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्कीने हे जीवाणू वेगळे काढले. बापाने टाकी जमवली आणि ती कशाच्या जोरावर चालते ते मुलाने शेतातल्या मातीत शोधले. नवी टाकी चार-सहा आठवडे 'मुरू द्या' असे दुकानदार सांगतो, तो सल्ला या जीवाणूंची वस्ती होण्यासाठी असतो. दुर्दैवाने हा सल्ला ऐकायच्या आधीच बहुतेक घरांत मासे आलेले असतात.

मधल्या काळात हौस फोफावली. 1845 मध्ये ब्रिटनमधला काचेवरचा कर उठल्याने काच स्वस्त झाली होती. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने माशांचे स्वतंत्र दालन उघडले. उष्ण प्रदेशांतले मासे युरोपात येऊ लागले तेव्हा थंडीचा प्रश्न आला. त्यावरचा तोडगा आज वाचताना धडकी भरते: टाकीचा तळ पाटीच्या दगडाचा किंवा पत्र्याचा, आणि खाली पेटता दिवा. विजेच्या हीटरने आणि पंपाने ही कसरत थांबवली.

आपल्याकडे मद्रासला 1909 मध्ये सार्वजनिक मत्स्यालय झाले. मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडले आणि महाराष्ट्रातल्या शाळांच्या कित्येक सहली तिथल्या काचांना नाक लावून आल्या. घरच्या टाक्या तेव्हा लोखंडी अँगलच्या चौकटीत काच बसवून, फटींत लांबी भरून करत. चौकट गंजायची, लांबी सुकून तडकायची. पुढे सिलिकॉन आले आणि काचेला काच थेट चिकटू लागली. आता काचवाल्याकडून पाच तुकडे कापून आणून घरीच टाकी जोडता येते. फक्त एक ध्यानात ठेवावे लागते, की काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, टाकीच्या लांबीवर नाही.

ज्यांना टाकी परवडत नव्हती त्यांच्यासाठी बरणीतला गप्पी होता. मूळचा दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन भागातला हा मासा डासांच्या अळ्या खातो म्हणून हिवतापाविरुद्धच्या मोहिमेत विहिरी-डबक्यांत सोडला गेला, आणि आजही आरोग्य खात्याची गप्पी पैदास केंद्रे चालतात. त्याला ना पंप लागतो, ना हीटर.

बाकीच्यांना पंप लागतो. घरोघरी रात्री घुं घुं करणाऱ्या एअर पंपात एक विद्युतचुंबक असतो. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून त्यासमोरची चुंबक लावलेली दांडी सेकंदाला 50 वेळा हलते आणि रबराचा पडदा दाबते. वीज गेली की हवा बंद. त्याहून वाईट म्हणजे फिल्टरमधले पाणी थांबते आणि धाकट्या वॉरिंग्टनने ज्यांचे काम दाखवले ते जीवाणू प्राणवायूअभावी गुदमरू लागतात. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत खेड्यापाड्यांतल्या आणि तालुक्याच्या गावांतल्या हौशी लोकांनी हे पुरेपूर भोगले. स्वतःच्या बळावर चालेल अशी टाकी करायला थोरला वॉरिंग्टन निघाला होता. तिचा प्राण आता प्लगात होता.

पोरांची इलेक्ट्रॉनिक्सची खटपट इथून सुरू होते. वीज गेली की बॅटरीवरचा पंप आपोआप सुरू करणारा रिले हा बहुतेकांचा पहिला प्रकल्प. मग दिव्याचा टायमर. त्यासाठी हात आधी 555 या आठ पायांच्या चिपकडे जातो. स्विस अभियंता हान्स कामेनझिंड याने ती सिग्नेटिक्स कंपनीसाठी रचली आणि 1972 मध्ये ती बाजारात आली. सेकंद-मिनिटांसाठी ती झकास, पण आठ तासांच्या दिव्यासाठी मोठा कपॅसिटर लावावा तर त्यातून विद्युतभार गळतो आणि दिवा मनाला येईल तेव्हा मालवतो. 2005 मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावात आर्डुइनो हा प्रोग्राम लिहून चालवता येणारा छोटा बोर्ड जन्माला आला. त्याची रचना सर्वांसाठी खुली असल्याने स्वस्त नकला लॅमिंग्टन रोडवर पोचल्या आणि घड्याळाची चिप जोडली की हा प्रश्न मिटला.

नवे प्रश्न मात्र आले. पाण्याची पातळी पाहायला दोन तांब्याच्या तारा टाकीत सोडणे ही हमखास घडणारी चूक. सतत एकाच दिशेने वीज वाहिली की एक तार झिजून तांबे पाण्यात उतरते, आणि तांबे गोगलगायींना व कोळंबीला विष आहे. तरंगणारा चुंबकी स्विच त्यापेक्षा बरा. हीटर 25 अंशांना सुरू आणि 26 ला बंद, असे एका अंशाचे अंतर ठेवले नाही तर रिले टकटकत राहतो. त्याचे संपर्क वितळून चिकटले की हीटर बंदच होत नाही आणि सकाळी टाकीत मेलेले मासे तरंगतात. म्हणून जाणते लोक हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट काढत नाहीत, आर्डुइनो त्याच्या जोडीला ठेवतात. वायर प्लगपाशी पोचण्याआधी खाली झोळ सोडून न्यायची, म्हणजे ओघळलेला थेंब तिथेच टपकतो आणि 230 व्होल्टच्या सॉकेटपर्यंत जात नाही. हे बहुधा कुठल्या तरी काकांकडून शिकायला मिळते.

तापमान, पातळी, उजेड, खाद्य हे सगळे आता काही शे रुपयांच्या सामानात मोजता येते, हवे तसे बदलता येते. अमोनियाचे तसे नाही. पाण्यातला अमोनिया भरवशाने मोजणारा सेन्सर पोरांच्या खिशाबाहेरचा आहे. ज्याच्या टाकीचे तापमान मोबाइलवर दिसते, तोही दर आठवड्याला छोट्या काचनळीत टाकीचे पाणी घेतो, बाटलीतले थेंब मोजून टाकतो, पाच मिनिटे थांबतो आणि आलेला रंग छापील पट्टीला लावून बघतो.