तिसऱ्या रुळाचा वारसा

खेळण्यातली आगगाडी विजेवर धावू लागली ती १८९०च्या दशकात. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या कार्लाइल अँड फिंच कंपनीच्या गाड्या दोन रुळांवर बॅटरीने चालत. १९०० साली न्यूयॉर्कमध्ये जोशुआ लायनल कोवेन आणि हॅरी ग्रँट यांनी लायनल कंपनी काढली. तिची पहिली उघडी वाघीण दुकानाच्या काचेआड फिरून मालाकडे लक्ष वेधण्यासाठी होती. पण लोक वाघीणच विकत मागू लागले आणि धंद्याची दिशा ठरली.

१९०६ साली लायनलने तीन रुळांची वाट आणली. मधल्या रुळातून वीज यायची, बाहेरच्या दोन्ही रुळांतून परत जायची. खऱ्या रेल्वेत मध्ये असा रूळ नसतो, पण सोय मोठी होती. दोन रुळांच्या पद्धतीत एका आसावरची दोन चाके एकमेकांपासून तोडून ठेवावी लागतात, आणि वाट वळसा घालून स्वतःलाच उलटी येऊन मिळाली की शॉर्ट होतो. तीन रुळांत यातले काहीच आडवे येत नाही. मुलांनी घराच्या फरशीवर वाटेल तशी वळणे मांडावीत, गाडी धावणारच. तिसरा रूळ इतकी दशके टिकला तो यामुळेच.

आज जुन्या गाडीतले बिघाड शोधतानाही सुरुवात याच रुळांपासून करावी लागते. पत्र्याचे पोकळ रूळ खिळ्यांनी जोडलेले असतात. खिळा ढिला किंवा गंजलेला असला की ट्रान्सफॉर्मरच्या तारा जोडलेल्या जागेपासून दूर गाडी मंदावते आणि जवळ येताच पुन्हा वेग घेते. अशा वेळी इंजिन उघडण्यात अर्थ नाही. रुळाचे तोंड पकडीने आवळावे, मोठ्या वर्तुळाला आणखी एकदोन ठिकाणी तारा द्याव्यात. मधला रूळ पत्र्याच्या आडपट्ट्यांपासून वेगळा ठेवणारा जाड कागद फाटला असेल, तर गाडी नसतानाही शॉर्ट सापडतो. गंज काढायला लोखंडी कीस वापरू नये. त्याचे बारीक तंतू मोटरच्या चुंबकीय भागांना चिकटून आत नवा शॉर्ट करतात.

लायनलच्या मोटरमध्ये कायमचा चुंबक नसे. फिरत्या आर्मेचरला आणि स्थिर गुंडाळीला एकच प्रवाह मिळे, म्हणून ती एसीवर उत्तम चाले. पण प्रवाहाची दिशा उलटवली तरी गाडी उलटी जात नसे. गाडी मागे घ्यायची तर दोहोंपैकी एकाचीच जोडणी उलटवावी लागे. हे काम करणारी कळ आइव्ह्ज कंपनीने १९२०च्या दशकात बसवली. वीज क्षणभर तोडून पुन्हा दिली की विद्युतचुंबक एक दांडा ओढतो, दांडा छोटा ढोल एक घर पुढे फिरवतो: पुढे, थांबा, मागे, थांबा. १९२८मध्ये आइव्ह्जचे दिवाळे निघाले, कंपनी पुढे लायनलच्या हाती आली आणि ही कळ लायनलच्या इंजिनांत गेली. संग्राहक तिला ‘ई-युनिट’ म्हणतात.

दिवा लागतो, गुणगुण येते, पण इंजिन हलत नाही, अशी तक्रार असली की बहुधा ढोल ‘थांबा’वर अडकलेला असतो. दांड्याभोवतीचे जुने वंगण घट्ट झालेले असते. ते पुसून काढावे, नवे तेल घालू नये. ढोलावर टेकणाऱ्या तांब्याच्या पातळ पट्ट्या झिजतात, तुटतात. मात्र सर्वांत आधी इंजिनावरची छोटी खटकी पाहावी. ती दाबली की विद्युतचुंबकाची वीज बंद होते आणि ढोल असेल त्या घरात राहतो. तो ‘थांबा’वर असेल तर निर्दोष इंजिनही मेल्यासारखे दिसते. कळ ठीक असूनही मोटर फिरत नसेल, तर कार्बन ब्रश पाहावेत आणि कॉम्युटेटरच्या फटींतली काळी पूड टोकदार लाकडी काडीने काढावी.

इंग्लंडमध्ये वाट वेगळी होती. १९३८ साली आलेली हॉर्नबी डब्लो १२ व्होल्टच्या डीसीवर चाले, आणि तिच्या मोटरमध्ये कायमचा चुंबक होता. तीही तीन रुळांचीच होती. दोन रुळांवर ती १९५९मध्ये आली. तिच्या जुन्या इंजिनाचा चुंबक अशक्त झाला की मोटर जास्त प्रवाह ओढते, तापते, तरी ओढ कमीच. इथे घासूनपुसून भागत नाही. चुंबकाला पुन्हा बळ द्यावे लागते.

लायनलची १९३५ची शिट्टी रुळांतल्या एसीवर थोडा डीसी चढवला की वाजे. तो डीसी देणारी रेक्टिफायर चकती ट्रान्सफॉर्मरमध्ये असते. ती निकामी झाली की कुठल्याच डब्याची शिट्टी वाजत नाही. आता तिच्या जागी सिलिकॉन डायोड बसवतात. १९४८पासूनच्या झेडडब्ल्यूसारख्या भक्कम ट्रान्सफॉर्मरचीही मुख्य वायर मात्र जुनी असते. तिचे रबर वाळून तडकले असेल, तर प्लग लावण्याआधीच ती बदलावी. भारतात आणखी एक काळजी: हे यंत्र अमेरिकेच्या सुमारे ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी बनलेले आहे. आपल्या २३० व्होल्टला ते थेट लावले तर जळेल. मध्ये व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर हवाच, आणि ५० हर्ट्झवर ते मुळापेक्षा जास्त तापते, म्हणून पूर्ण भार टाकून तासन्‌तास चालवू नये.