रामदास बोट दुर्घटना

मुंबई–रेवस मार्गावरील 'रामदास' ही प्रवासी बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडून सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडल्याची घटना. टाइन नदीकाठी १९३६ मध्ये बांधलेली ही बोट आषाढ अमावास्येला गावी निघालेल्या उतारूंना घेऊन सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटली (पहा : कोकण किनारा जलवाहतूक). काशाच्या खडकाजवळ लाटांच्या माऱ्याने ती कलली, घाबरलेले उतारू एका बाजूला धावले आणि ती उलटली.

या घटनेभोवती आजही कुतूहल का आहे, या प्रश्नाला भर पावसातला खवळलेला समुद्र हेच पुरेसे उत्तर, असा एक पक्ष आहे. पण वादळाने फक्त बोट कशी उलटली एवढेच कळते; बोटीवर माणसे किती होती, हे कळत नाही. मृतांचे आकडे आजही जुळत नाहीत, आणि या घटनेभोवतीच्या कुतूहलाचे खरे कारण हेच आहे. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे मुंबईला खबर पोहोचली ती वाचलेल्यांच्या तोंडून, काही तासांनी. अनेकांना वाचवले ते रेवसकडच्या कोळ्यांनी, आपल्या होड्यांतून (पहा : कोळी).