स्वस्त बंदुकीचें मोल

हरणाच्या शिकारीस रायफल किती किंमतीची घ्यावी, हा प्रश्न अमेरिकेंत केवळ हौशी श्रीमंतांचा नव्हता. खेड्यांतील कित्येक गरीब घरांस शिकारीचें मांस हा हिंवाळ्याचा आधार असे. १८९४ सालीं आलेली, जॉन ब्राउनिंगनें योजलेली विंचेस्टर रायफल अशा घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालली. ती हलकी होती व दाट रानांतील जवळच्या नेमास पुरेशी होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर याहून स्वस्त माल आला. युरोपांतील सैन्यांनीं मोडीत काढलेल्या रायफली जाहिरात पाहून टपालानें मागवितां येऊं लागल्या. लोक त्यांचे लांकडी दस्ते तासून त्यांस शिकारी रूप देत. माणसावर रोखण्यासाठीं घडलेलें हत्यार असें हरणावर चालूं लागलें.

१९६३ सालीं तशीच एक इटालियन कार्कानो, टपालखर्च सोडून दुर्बिणीसह १९.९५ डॉलरांस मागविलेली, डॅलस येथें अध्यक्ष केनेडी यांच्या प्राणांवर उठली. सामान्य ग्राहकास परराज्यांतून टपालानें बंदूक पाठविण्यास, तसेंच जुन्या लष्करी रायफलींच्या आयातीस, कायद्यानें मनाई झाली ती १९६८ सालीं.

स्वस्ताई ही गरिबाची सोय खरी; परंतु वस्तु कोणाच्या हातीं जाते, हें विचारावयाचें राहिलें, कीं उरलेली किंमत समाजास भरावी लागते.